फुकटची जागा आणि आमची चोपडी

महोदय,
इंटरनेटवर लोकांना जोडणाऱ्या फुकटच्या सेवांपैकी ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ रोजी बंद झाले, गुगल प्लस एप्रिल २०१९ मध्ये गुंडाळले गेले, याहू ग्रुप्सचाही डिसेंबर २०२० मध्ये कारभार आटोपला. कंपन्यांना या सेवा परवडत नसतील, त्याबद्दल तक्रार नाही. (१९९६ पासूनचे मराठी संकेतस्थळ ‘मायबोली’ मात्र अजून नांदते आहे, हे विशेष!) तक्रार आहे ती जाताना दाखवल्या जाणाऱ्या बेफिकिरीबद्दल. अशाच एका बंद पडलेल्या सेवेवर आमच्या भावंडांचा गट होता. आत्याने सांगितलेला कुळाचार मावसभावाने रोमन लिपीत टाइप करून तिथे चढवला होता. नैवेद्याला पुरण किती, दिवे किती, सगळे त्यात. ‘फाइल्स उतरवून घ्या’ ही सूचना आली इंग्रजीत, तीही कुणी न उघडणाऱ्या जुन्या मेल पत्त्यांवर. कळले तेव्हा कुळाचाराची ती चोपडी गेली होती, आणि विचारायला आत्याही नव्हती.

युरोपात मे २०१८ पासून लागू असलेला कायदा ग्राहकाला आपला डेटा वापरता येईल अशा स्वरूपात परत मागण्याचा हक्क देतो. आपल्या २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात माहिती दुरुस्त करण्याचा, पुसून टाकण्याचा हक्क आहे. ती उचलून दुसरीकडे नेण्याचा नाही. तो द्यावा. शिवाय सेवा बंद करण्यापूर्वी किमान वर्षभर, ग्राहकाच्या भाषेत आणि फोनवरही सूचना देणे कंपन्यांना बंधनकारक करावे.

– एक वाचक, सांगली