नवख्याच्या प्रश्नाखाली पहिले उत्तर कोणते येते?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या वाचकांपैकी अनेकजण कोणत्या ना कोणत्या ऑनलाइन गटाचे ॲडमिन आहेत. कुणाचा गट प्रोग्रामिंगचा, कुणाचा छायाचित्रणाचा, कुणाचा एखाद्या आजाराच्या रुग्णांचा. आम्ही काहीजण अशा गटांचे काम स्वयंसेवक म्हणून पाहतो. नवा सदस्य पहिला प्रश्न विचारतो तेव्हा नेमके काय घडते, याकडे या सर्वांनी लक्ष द्यावे म्हणून हे पत्र.

स्वागताचा मेसेज कितीही गोड असो, नवखा टिकणार की निघून जाणार हे त्याच्या पहिल्या प्रश्नाखालच्या पहिल्या उत्तरावर बरेचसे ठरते. त्या उत्तराचा सूर बाकीचे उचलतात. एकाने टोमणा मारला की दुसरा हसणारी इमोजी टाकतो, आणि ज्याला खरे उत्तर ठाऊक असते तो त्या गोंधळात पडतच नाही.

‘प्रिंटर चालत नाही, मदत करा’ हा नेहमीचा प्रश्न घ्या. त्यावर ‘आधी गूगल करा’ असे सांगून काहीच साधत नाही. काय शोधायचे याचे शब्दच विचारणाऱ्याकडे नसतात. शिवाय उद्या दुसऱ्या कुणी तीच अडचण शोधली, तर त्याला सापडते ते हेच ‘गूगल करा’! दुसरे टोक म्हणजे प्रश्नांची फैर: मॉडेल कोणते, केबल की वायफाय, ड्रायव्हर कोणता, आधी काय करून पाहिले? ही माहिती खरोखर लागते, पण ड्रायव्हर म्हणजे काय हेच माहीत नसलेला माणूस इथे गप्प होतो. एका वेळी एकच गोष्ट विचारावी आणि ती कुठे दिसेल तेही सांगावे: ‘प्रिंट दिल्यावर स्क्रीनवर काही मेसेज येतो का? येत असेल तर त्याचा स्क्रीनशॉट टाका.’ एवढ्याने संवाद सुरू होतो. बाकीचे तपशील मागून येतात.

कधी कधी विचारलेला प्रश्न एक असतो आणि अडचण वेगळीच असते. ‘प्रोग्राममध्ये फाइलच्या नावातली शेवटची तीन अक्षरे वेगळी कशी काढून घ्यायची?’ असे कुणी विचारले, तर बहुधा त्याला फाइलचा प्रकार ओळखायचा असतो. यावर ‘हे कशाला हवंय?’ एवढेच लिहिले तर ती उलटतपासणी वाटते. आधी विचारलेल्याचे उत्तर द्यावे आणि मग लिहावे: ‘फाइलचा प्रकार हवा असेल तर शेवटच्या टिंबानंतरचा भाग घ्या, कारण जेपीईजी किंवा डॉकएक्समध्ये अक्षरे चार असतात.’ क्रम एवढाच बदलला, तरी माणूस न दुखावता मूळ अडचणीपर्यंत पोचतो.

‘हे आधी विचारून झालंय’ या उत्तराने सर्वांत जास्त माणसे दुरावतात. जुन्या सदस्याला दोन प्रश्न एकच दिसतात, कारण त्याला दोन्हींचे उत्तर माहीत असते. नवख्याला तो सारखेपणा दिसत नाही, तोच तर त्याचा प्रश्न असतो. नुसती जुनी लिंक चिकटवू नये. त्या पानावरचे कितवे उत्तर वाचायचे, ते इथे का लागू पडते आणि आताच्या आवृत्तीत त्यातले काय बदलले आहे, एवढे दोन ओळींत लिहावे. आणि तो दुबार प्रश्न पुसून टाकू नये. त्यातले वेगळे शब्द हीच पुढच्या शोधणाऱ्यासाठी वाट असते. 2008 मध्ये सुरू झालेल्या स्टॅक ओव्हरफ्लो या प्रोग्रामरांच्या प्रश्नोत्तरांच्या साइटवर असे प्रश्न नव्या उत्तरांसाठी बंद केले तरी ठेवले जातात आणि मूळ प्रश्नाला जोडले जातात, ते याचसाठी.

याच स्टॅक ओव्हरफ्लोकडून शिकण्यासारखी दुसरी गोष्ट मात्र उलटी आहे. तिथे दुसऱ्याच्या पोस्टखाली कमेंट करायला अनेक वर्षे 50 गुण लागत, आणि ते इतरांनी आपल्या पोस्टना पसंती दिली की मिळत. नवख्याला एखाद्या उत्तरातली पायरी समजली नाही तर विचारायची सोय नसे. मग तो आपली शंका ‘उत्तर’ म्हणून टाकी, आणि ते उत्तर नव्हे म्हणून ती काढली जाई. इथे कुणाचाही हेतू वाईट नसे. गुणांची अट स्पॅम रोखण्यासाठी होती आणि पोस्ट काढणारा नियमानेच चाललेला असे, तरी नवख्याला दारच बंद दिसे. आपली साइट नव्या लोकांना रुक्ष वाटते हे तिच्या चालकांनी एप्रिल 2018 मध्ये जाहीरपणे मान्य केले आणि त्याच वर्षी नवी आचारसंहिता आणली. आचारसंहितेने भाषा सुधारते, पण अडथळा रचनेत असेल तर रचनाच बदलावी लागते.

विकिपीडियावरही हेच दिसले. इंग्रजी विकिपीडियाच्या सक्रिय संपादकांची संख्या 2007 नंतर घटू लागली. 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात त्याचे एक कारण असे निघाले की चांगल्या हेतूने केलेली नवख्यांची संपादने झटपट उलटवली जात होती, आणि माणसाच्या शब्दांऐवजी यंत्राने पाठवलेल्या ठरावीक सूचना त्यांच्या हाती पडत होत्या. 2012 मध्ये तिथे ‘टीहाउस’ सुरू झाले. नवख्यांनी काहीही विचारावे आणि अनुभवी यजमानांनी उत्तर द्यावे, अशी ती जागा. त्यात यजमान महत्त्वाचे. ‘नवख्यांसाठी वेगळा विभाग’ उघडून जाणत्यांची पाळी लावली नाही, तर तिथे नवखेच नवख्यांना चुकीची उत्तरे देत बसतात.

उत्तरे देणारेही माणसेच आहेत. तोच प्रश्न आठवड्यात दहाव्यांदा आला की चिडचिड होणारच. यूजनेट या इंटरनेटवरच्या जुन्या चर्चागटांच्या जाळ्यावर दर सप्टेंबरला विद्यापीठांतले नवे विद्यार्थी येत आणि काही आठवड्यांत रीत शिकत. 1993 नंतर घरगुती इंटरनेट सेवांचे ग्राहक लोंढ्याने येऊ लागले, ते थांबलेच नाहीत, आणि शिकवणारे कमी पडले. त्याच यूजनेटवरची एक चांगली सवय आज हरवली आहे. तिथे नेहमीच्या प्रश्नांची यादी ठरावीक दिवसांनी पुन्हा टाकली जाई आणि वर शेवटच्या दुरुस्तीची तारीख असे. आज आपण ती एकदा पिन करून विसरतो. वर्षभराने त्यातल्या निम्म्या लिंक मेलेल्या असतात आणि तरी ‘पिन केलेली पोस्ट वाचा’ म्हणून सुनावतो. दमलेल्याने त्या दिवशी उत्तर देऊ नये, दुसऱ्यावर सोपवावे. तयार मजकूर जरूर वापरावा, पण वर एक ओळ त्या माणसाच्या अडचणीबद्दल हाताने लिहावी.

याला सुरक्षेचीही बाजू आहे. चारचौघांत फटकारला गेलेला माणूस पुढचा प्रश्न खासगीत विचारतो. तिथे ‘मी सपोर्ट टीममधून बोलतोय’ म्हणणारे भामटे टपलेलेच असतात. ते अगदी आपुलकीने बोलतात आणि मग पासवर्ड किंवा ओटीपी मागतात. रुग्णांच्या गटांत तर अशी माणसे खात्रीचा उपचार विकतात. गटात उघडपणे मिळणाऱ्या उत्तराची चूक काढायला दहाजण हजर असतात, खासगीत कुणी नसते.

ॲडमिननी महिन्यातून एकदा अर्धा तास काढावा. त्या महिन्यात आलेल्या सदस्यांच्या पहिल्या पोस्ट चाळाव्यात. कोणत्या अनुत्तरित राहिल्या, कोणत्या बंद केल्या, बंद करताना काय दुरुस्त केल्यास पुन्हा उघडू हे लिहिले होते का, आणि विचारणारा नंतर पुन्हा दिसला का, हे टिपून ठेवावे. अनुत्तरित पोस्टना उशिरा का होईना, त्याच बैठकीत उत्तर द्यावे.

आपले,
ऑनलाइन मदतगटांचे काही स्वयंसेवक