मनू, तुझ्या पैशांचं आम्ही काय ठरवलं

प्रिय मनू,

तुझ्या नावाने पैसे कुठे टाकायचे यावर आपल्या घरात सध्या रोज रात्री जेवताना चर्चा होते. आजी म्हणते सोनं घ्या, मामा म्हणतो चाइल्ड प्लॅन, म्हणजे मुलांसाठीची बचत-विमा पॉलिसी घे, बाबाला सगळं मार्केटमध्ये टाकायचंय, आणि प्रत्येकाचं बोलणं शेवटी येऊन थांबतं ते "तिच्या लग्नाला होईल" वर. मला तिथेच खटकतं. तू दोन वर्षांची आहेस गं, लग्न करशील की नाही, डॉक्टर होशील की स्वतःचा धंदा काढशील, आत्ता कोणाला माहितीय? म्हणून मी एकच गोष्ट बघितली, की अठरा-वीसच्या वयात पैसे तुझ्या हाताशी असले पाहिजेत आणि ते कशाला वापरायचे हे तू ठरवायचं.

आधी जे केलं त्यात खातेदार म्हणून तुझं नावच नाहीये. माझा आणि बाबाचा टर्म इन्शुरन्स, म्हणजे माणूस गेला तरच घरच्यांना पैसे मिळतात तो साधा विमा, घेतला, बाबाचा 1874 च्या विवाहित स्त्री संपत्ती कायद्याखाली, म्हणजे उद्या त्याच्यावर कर्ज असलं तरी त्या पैशाला कर्ज देणारे हात लावू शकत नाहीत, ते तुझे आणि माझेच. मग सहा महिन्यांचा घरखर्च एफडीत वेगळा ठेवला. हे झाल्याशिवाय मी तुझ्या नावाने एक रुपया टाकू दिला नाही, आणि त्याचं कारण आजोबा आहेत.

आजोबा लालबागला गिरणीत होते. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला, अडीच लाखाच्या आसपास कामगार बाहेर पडले आणि तो संप रीतसर मिटलाच नाही. पगार बंद. आजीने आधी पाटल्या मोडल्या, मग कानातले, आणि त्यावर घर चाललं. त्यामुळे आजी सोनं म्हणते तेव्हा मी वाद घालत नाही, तिने ते जगून पाहिलंय. पण तिनेच मला हेही सांगितलंय की मोडताना सराफाने घडणावळ धरली नाही आणि वर घट कापली, घासाघीस करायची ताकदच नव्हती तेव्हा. म्हणून दर दसऱ्याला एक ग्रॅमचं वेढणं घ्यायचं ठरलंय, दागिना नाही. तेवढं बास.

मग सुकन्या समृद्धी, मुलींसाठीची सरकारी बचत योजना. आपल्या जवळच्या पोस्टात जाऊन तुझा जन्मदाखला, माझं आधार, पॅन देऊन खातं उघडलं आणि पासबुकावर तुझं पूर्ण नाव छापून आलं तेव्हा मला खरंच भरून आलं. ही योजना 2015 पासून आहे, मुलगी दहा वर्षांची व्हायच्या आत खातं उघडायचं, वर्षाला कमीत कमी 250 आणि जास्तीत जास्त दीड लाख, पंधरा वर्षं भरायचे आणि खातं उघडल्यापासून एकवीस वर्षांनी मिळतात, व्याजावर टॅक्स नाही. आत्ता व्याज 8.2 टक्के आहे, पण ते कायमचं नसतं हे लोक विसरतात, सुरुवातीला 9.1 होतं, मधे 7.6 पर्यंत उतरलं होतं, सरकार दर तिमाहीला ठरवतं. आणि महिन्याच्या पाच तारखेच्या आत पैसे टाकायचे, नाहीतर त्या रकमेवर त्या महिन्याचं व्याज जातं, त्यामुळे पगार झाला की दुसऱ्या दिवशी तेच काम.

पण सगळं सुकन्यात टाकलं नाही, कारण ते पैसे बांधलेले असतात. दहावी झाल्यावर किंवा अठरा पूर्ण झाल्यावर फक्त निम्म्यापर्यंत काढता येतात आणि तेही शिक्षणासाठी, फीची कागदपत्रं दाखवून. तुला कॅफे काढायचा असेल तर? शिवाय महागाई. आज ज्या कोर्सला 10 लाख लागतात त्याला 6 टक्क्यांनी सोळा वर्षांनी 25 लाख लागतील आणि 8 टक्के धरले तर 34 लाख. नुसत्या व्याजावर तिथे पोचताना दम लागतो.

म्हणून उरलेलं निफ्टीच्या इंडेक्स फंडात, म्हणजे निफ्टीतल्या 50 मोठ्या कंपन्यांमध्ये पैसे लावणाऱ्या म्युच्युअल फंडात, एसआयपीने म्हणजे दर महिन्याला ठराविक रक्कम, आणि डायरेक्ट प्लॅन, म्हणजे मधे एजंट नाही. ती माझ्या नावाने आहे, नॉमिनी तू. तुझ्या नावाने असती तर तू अठराची झालीस की केवायसी होईपर्यंत एसआयपी थांबली असती आणि तोवरचा नफा टॅक्ससाठी तसाही आई-बाबांच्याच उत्पन्नात धरतात, मग फायदा काय. आजी विचारते बाजार पडला तर? पडतोच. 2020 च्या मार्चमध्ये, लोकल बंद झाल्या त्याच सुमारास, जानेवारीत 42 हजार पाहिलेला सेन्सेक्स 26 हजारांच्या खाली आला, 23 तारखेला तर 45 मिनिटं व्यवहारच थांबवले होते. तो नोव्हेंबरमध्ये परत वर आला, पण 2008 नंतर दोन वर्षांहून जास्त लागली होती. म्हणून तू पंधराची झालीस की फंडातले पैसे थोडे थोडे काढून एफडीत आणायचे, हे मी आत्ताच लिहून ठेवतेय, कारण तेव्हा बाजार वर असला तर बाबा म्हणेल अजून एक वर्ष थांबू. नाही थांबायचं.

मामाचा प्लॅन मी नीट बघितला, तो प्रेमाने सांगत होता. हप्ते आणि शेवटी मिळणारी रक्कम एक्सेलमध्ये टाकून एक्सआयआरआर, म्हणजे वर्षाला खरा परतावा किती टक्के पडतो ते, काढला तर साडेपाच टक्केही भरेना, आणि विम्याचं कव्हर आमच्या टर्मच्या जवळपासही नाही. मधेच सोडला तर भरलेलेही पूर्ण मिळत नाहीत. त्याला हे शांतपणे दाखवलं, त्याला पटलं.

अठरा झाल्यावर आधार, पॅन घेऊन पोस्टात जा आणि सुकन्याचं खातं स्वतःच्या हातात घे. पासबुक, फंडाचा फोलिओ (खाते) नंबर आणि दोन्ही पॉलिसी कपाटातल्या निळ्या फाईलमध्ये आहेत. तुझी दहावी झाली की दर एप्रिलला ती फाईल घेऊन आपण दोघी बसणार, तुला कंटाळा आला तरी.

तुझी आई