पॅनोरमाचा जोड घाटावरच बसतो

मा. संपादक,
स. न. वि. वि.

२०२७च्या सिंहस्थाच्या तयारीमुळे गोदाघाटाचं रूप बदलतं आहे. पावसाळ्यात नदी चढली की दुतोंड्या मारुतीभोवतीच्या पाण्याचे फोटो घरोघरी फिरतात, आणि त्यात आडवे, लांबलचक पॅनोरमा, म्हणजे शेजारशेजारचे फोटो जोडून केलेली चित्रं, आता बरीच असतात. नोंद म्हणून त्यांचं मोल मोठं आहे. पण यातल्या अनेक चित्रांत पायऱ्या मध्येच तुटलेल्या, देवळाच्या शिखराला पायरी पडलेली, एकच माणूस दोनदा उभा आणि पाण्याची रेषा केळ्यासारखी वाकलेली दिसते. दोष सॉफ्टवेअरला दिला जातो. प्रत्यक्षात यातल्या बहुतेक चुका शटर दाबतानाच झालेल्या असतात आणि नंतर त्या पूर्ण निघत नाहीत. सिंहस्थाआधीचा घाट पुन्हा टिपता येणार नाही, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

पहिला आणि सगळ्यांत मोठा दोष पॅरलॅक्सचा. एक डोळा मिटून समोर बोट धरा आणि मान वळवा, बोट मागच्या भिंतीवर सरकल्यासारखं दिसतं. कॅमेरा वळवताना हेच होतं, कारण आपण तो भिंगाभोवती न फिरवता ट्रायपॉडच्या स्क्रूभोवती, हातात असेल तर स्वतःच्या कमरेभोवती फिरवतो. फिरवायचा असतो तो भिंगाच्या एन्ट्रन्स प्युपिलभोवती, म्हणजे समोरून भिंगात पाहिल्यावर अॅपर्चरचं छिद्र जिथे आहे असं दिसतं त्या जागेभोवती. फोटोग्राफर मंडळी तिलाच नोडल पॉइंट म्हणतात. समजा २४ मेगापिक्सेलचा फुल फ्रेम (३६ × २४ मिमी सेन्सरचा) कॅमेरा आहे, ५० मिमीचं भिंग आहे आणि ही जागा फिरण्याच्या अक्षापासून ८ सेंमी पुढे आहे. २० अंश वळवल्यावर भिंग पावणेतीन सेंमी बाजूला सरकतं. तेवढ्याने १ मीटरवरचा कठड्याचा गज मागच्या दृश्यावर सुमारे २३० पिक्सेल सरकतो, १०० मीटरवरचा कळस मात्र जेमतेम दोन पिक्सेल. म्हणून गंगापूर धरणाचं पाणी किंवा लांबवरचा ब्रह्मगिरी हातात कॅमेरा धरूनही बिनबोभाट जुळतो, आणि घाटावर पायाजवळच्या पायऱ्या फ्रेममध्ये आल्या की जोड फाटतो. कोणतंही सॉफ्टवेअर एकाच वेळी गजही जुळवू शकत नाही आणि कळसही.

यावरचं रीतसर साधन म्हणजे पॅनोरमा हेड: कॅमेरा उभा धरणारा एल आकाराचा ब्रॅकेट, पुढेमागे सरकणारी पट्टी आणि खाली अंशांच्या खुणा असलेली फिरती चकती. ते लावताना आधी कॅमेरा सरळ खाली वळवून चकतीचं केंद्र फ्रेमच्या बरोबर मध्ये येतं का पाहावं. आडवी जुळणी इथे पक्की होते. मग कॅमेरा सरळ करून साधारण १ मीटरवर गवंड्याचा ओळंबा टांगावा आणि दूरच्या विजेच्या खांबाशी तो एका रेषेत आणावा. आता कॅमेरा उजवीकडे वळवा, म्हणजे ही जोडी फ्रेमच्या डाव्या कडेला जाईल. ओळंब्याची दोरी खांबाच्या डावीकडे सरकली तर भिंग अक्षाच्या पुढे आहे, कॅमेरा मागे घ्या. दोरी उजवीकडे गेली तर पुढे घ्या. दोन्ही कडांना दोरी खांबावरच राहिली की पट्टीवर खूण करून ठेवा. झूम भिंगात ही जागा फोकल लेंग्थप्रमाणे बदलते, तेव्हा प्रत्येकीची खूण वेगळी. काम कंटाळवाणं आहे, पण एका भिंगासाठी ते एकदाच करावं लागतं.

पॅनोरमा हेड महाग पडतं, आणि सिंहस्थाच्या गर्दीत ट्रायपॉड रोवणं शक्यही नाही आणि योग्यही नाही. तिथे ओळंब्याचीच साधी युक्ती चालते. भिंगाच्या नळीवर, एन्ट्रन्स प्युपिलच्या जागी, टेपने एक दोरी बांधायची. तिच्या टोकाला १००-२०० ग्रॅमचं वजन, लांबी अशी की कॅमेरा डोळ्यासमोर धरल्यावर वजन जमिनीच्या एक-दोन सेंमी वर राहील. जमिनीवर खडूने फुली करायची, वजन फुलीवर ठेवायचं आणि प्रत्येक फोटोला कॅमेरा जागचा न हलवता आपण स्वतः त्याभोवती पावलं टाकत फिरायचं. चूक एक-दोन सेंमीत राहते आणि फार जवळचं काही फ्रेममध्ये नसेल तर जोड समाधानकारक जुळतो. मोबाइललाही हीच युक्ती लागू पडते. तिथे दोरी मागच्या कॅमेऱ्याच्या भिंगाखाली यावी, फोनच्या मध्याखाली नव्हे.

आता लेव्हल. नेहमीच्या बॉल हेडवर फिरती चकती गोळ्याच्या खाली असते. गोळा सैल करून कॅमेरा सरळ केला तरी चकती तिरकीच राहते. मग पहिल्या फोटोत क्षितिज सरळ, पाचव्यात कललेलं आणि जोडल्यावर लाटेसारखं दिसतं. लेव्हलचा बुडबुडा कॅमेऱ्यावर नव्हे, चकतीवर पाहायचा, आणि तो मध्ये आणायला ट्रायपॉडचे पाय लहानमोठे करायचे किंवा लेव्हलिंग बेस वापरायचा. घाटाच्या पायऱ्यांवर तीन पाय तीन उंचींवर येतात, तिथे घाईत हे हमखास राहून जातं. होळकर पुलावरून रामकुंडाकडे पाहून काढायचा असेल तर आणखी एक पथ्य: जड वाहन गेलं की पुलाचा कंप ट्रायपॉडमधून कॅमेऱ्यापर्यंत पोचतो. वाहनं विरळ होईपर्यंत थांबावं आणि शटर १/२५० पेक्षा मंद ठेवू नये.

फोटो कॅमेरा उभा धरून काढावेत, म्हणजे उंची भरपूर मिळते आणि छाटायला जागा राहते. शेजारच्या दोन फोटोंत तीसएक टक्के भाग सामाईक हवा. फुल फ्रेमवर ५० मिमीचं भिंग उभं धरलं तर आडवा कोन २७ अंशांचा मिळतो. दर १८ अंशांना एक अशा दहा फोटोंत १८० अंश पूर्ण होऊन कडेला थोडी शिल्लक राहते. एपीएस-सी, म्हणजे त्याहून लहान सेन्सरच्या, कॅमेऱ्यावर ३५ मिमीचं भिंग साधारण हेच काम करतं. जोडल्यावर आधी सांगितलेला २४ मेगापिक्सेलचा कॅमेरा रुंदीला सुमारे २६ हजार पिक्सेल देतो. ३०० डीपीआयने, म्हणजे इंचाला ३०० ठिपक्यांनी, छापलं तर ती सव्वासात फुटांची पट्टी होते.

एक्स्पोजर (उजेडाचं प्रमाण), व्हाइट बॅलन्स (रंगांची झाक) आणि फोकस ही तिन्ही कुलपं पहिल्या फोटोआधी लावायची. ऑटोवर ठेवलं तर पाण्याची चकाकी आली की कॅमेरा फोटो गडद करतो, काळ्या पाषाणाचं देऊळ आलं की उजळतो, आणि आकाशात उभे पट्टे पडतात. मॅन्युअलवर जाऊन दृश्यातल्या सगळ्यांत उजळ भागावर एक्स्पोजर ठरवावं. स्वच्छ उन्हात आयएसओ १००, अॅपर्चर एफ/८, शटर १/४०० ही सुरुवात ठीक. व्हाइट बॅलन्स डेलाइटवर. फोकस एकदा ऑटोने घेऊन मग मॅन्युअलवर टाकावा. ५० मिमीला एफ/८ वर साधारण साडेदहा मीटरवर फोकस धरला की सव्वापाच मीटरपासून क्षितिजापर्यंत स्पष्ट येतं. ट्रायपॉडवर असताना स्टॅबिलायझेशन बंद ठेवा. पोलरायझर, म्हणजे चकाकी कमी करणारा फिल्टर, तर काढूनच ठेवावा. सूर्यापासून ९० अंशांवरचं आकाश तो सर्वाधिक गडद करतो, त्यामुळे रुंद चित्रात निळा डाग मध्येच उमटतो आणि नंतर पुसता येत नाही.

माणसं, होड्या, फडफडणाऱ्या पताका हा घाटाचा जीवच आहे, त्यांना टाळून चालणार नाही. मात्र जोड माणसांवर पडू देऊ नये. सामाईक भागात दगडी खांब, रिकाम्या पायऱ्या, देवळाची भिंत येईल असं पाहावं आणि गर्दी शक्यतो एकाच फ्रेमच्या मधोमध ठेवावी. गर्दीच्या प्रत्येक फ्रेमचे दोन-तीन फोटो घेतले की नंतर निवड करता येते. मोबाइलचा पॅनोरमा मोड इथेच फसतो, कारण तो दृश्य अरुंद उभ्या पट्ट्यांनी टिपत जातो. फोन फिरतो त्याच दिशेने चालणारा माणूस ताणला जातो, उलट चालणारा काटकुळा होतो. त्यापेक्षा स्क्रीनवर बोट दाबून धरून एक्स्पोजर-फोकस लॉक करावा आणि उभे सुटे फोटो काढून घरी जोडावेत.

घरी जोडायला हगिन हे सॉफ्टवेअर फुकट आहे आणि विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतं. पैसे मोजायची तयारी असेल तर पीटीगुई अधिक चपळ. हगिन शेजारच्या फोटोंत समान खुणा, म्हणजे कंट्रोल पॉइंट, स्वतः शोधतं, पण पाण्यावर आणि ढगांवर पडलेल्या खुणा काढून टाकाव्याच लागतात, कारण दोन फोटोंच्या मध्ये पाणी जागेवर नसतं. मग प्रत्येक कंट्रोल पॉइंट किती पिक्सेलने चुकतो ते पाहून, सगळ्यांत मोठी चूक वर येईल अशी यादी लावून बघा. पॅनोरमा हेडवर सरासरी चूक एक-दोन पिक्सेलच्या आत यावी, हातातल्या कामाला तीन ते पाच चालते. एखादी खूण तीस पिक्सेल दाखवत असेल तर ती बहुधा चालत्या माणसावर बसलेली असते. क्षितिज दिसत नसेल, आणि घाटावर ते दिसत नाहीच, तर देवळांच्या खांबांवर आणि इमारतींच्या कोपऱ्यांवर उभ्या रेषेच्या खुणा द्याव्यात, चित्र सरळ उभं राहतं. दोनदा आलेला माणूस मास्कने एका फोटोतून वगळता येतो.

प्रोजेक्शन, म्हणजे गोलाकार दृश्य सपाट कागदावर उतरवायची पद्धत, निवडताना विचार करावा. रेक्टिलिनियरमध्ये सरळ रेषा सरळ राहतात, पण १०० अंशांच्या पुढे कडा भयानक ताणल्या जातात. सिलिंड्रिकल १८० अंशांना सोयीचं, मात्र त्यात समोरून आडवी जाणारी पायऱ्यांची रांग मध्यभागी फुगून दोन्ही टोकांना निमुळती होते. ही जोडाची चूक नव्हे, पण पाहणाऱ्याला घाट गोलाकार असल्याचा भास होतो. घाटाच्या अगदी समोर उभं न राहता तिरकं उभं राहिलं की हा फुगवटा बराच लपतो. पांडवलेण्यांतल्या तिसऱ्या क्रमांकाच्या विहारासारख्या बंदिस्त जागेत पॅनिनी प्रोजेक्शन उत्तम दिसतं. तिथे भिंती जवळ, आत अंधार आणि दारात लख्ख उजेड, म्हणजे पॅनोरमा हेड हवंच आणि प्रत्येक जागी दोन-दोन स्टॉपच्या (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा) फरकाने पाच एक्स्पोजर हवीत. लेणी केंद्र सरकारच्या संरक्षणाखाली आहेत, ट्रायपॉड न्यायचा तर परवानगी आधी घ्यावी.

लाइटरूम या सॉफ्टवेअरमध्ये जोडणाऱ्यांनी बाउंडरी वार्प शून्यावर ठेवावं. कडा चौकोनी करण्यासाठी ते दृश्यच वाकवतं. रिकामे कोपरे एआयने भरणं तर नोंदीच्या चित्रात सरळ खोटेपणा आहे. कोपरे छाटून टाका, चित्र लहान झालं तरी चालेल.

दोन्ही बाजूंना भिंगं असलेले ३६० अंशांचे कॅमेरे आता अनेकांकडे आहेत. त्यांची दोन भिंगं एका जागी नसतात, त्यामुळे जोडावर जवळची वस्तू तुटतेच. कॅमेऱ्याभोवती किमान १ मीटर मोकळं ठेवावं आणि महत्त्वाच्या गोष्टीकडे भिंग करावं, कॅमेऱ्याची कड नव्हे.

आता आपल्या वृत्तपत्राला एक विनंती. वाचकांकडून असे फोटो मागवताना ते व्हॉट्सअॅपवर फोटो म्हणून न मागवता ईमेलने किंवा डॉक्युमेंट म्हणून मागवावेत. व्हॉट्सअॅप फोटो आकसून लहान करतं, आणि पॅनोरमाची लांब बाजू आटली की उंचीला काही शे पिक्सेलच उरतात. शिवाय भिंगाची माहितीही गळून जाते. पानाच्या पूर्ण रुंदीला, म्हणजे साधारण ३३ सेंमीला, तीन हजार पिक्सेल पुरतात, पण चारास एक प्रमाणातला पॅनोरमा तिथे आठ सेंमी उंच बसतो. दोन-तीन स्तंभांत दाबला तर त्याचा दोरा होतो. तेव्हा महिन्यातून एखादाच छापा, पण पूर्ण रुंदीला छापा.

आणि विषय ठरवून द्यावा. होळकर पूल, गाडगे महाराज पूल, नारोशंकराच्या मंदिरासमोरचा घाट, रामशेजचा माथा अशा मोजक्या जागा, प्रत्येक ठिकाणी उभं राहायची नेमकी खूण, भिंग ५० मिमीच्या तोडीचं आणि वेळ सूर्य पाठीशी असतानाची. सिंहस्थाआधी, पर्वकाळात, नंतर आणि दर पावसाळ्यात त्याच खुणेवरून चित्र घेतलं तर ती एकमेकांवर ठेवून पाहता येतील. पुराचं पाणी दुतोंड्या मारुतीच्या कुठवर आलं होतं, कोणत्या पायऱ्या गेल्या, कोणतं बांधकाम नव्याने आलं, हे मग सांगोवांगी राहणार नाही. प्रत्येक फाइलच्या नावात जागा, दिशा, तारीख आणि वेळ असावी, आणि जोडलेल्या चित्राबरोबर मूळ सुटे फोटोही जपून ठेवावेत. उद्या जोडायची अधिक चांगली साधनं आली तर त्याच फोटोंतून पुन्हा जोडता येईल.

आपला विश्वासू,
एक छायाचित्रकार वाचक
पंचवटी, नाशिक