दारव्ह्याची रेल्वे अन् काळी माती

प्रिय गजानन,

दारव्ह्याकडे रेल्वेच्या खुंट्या रोवून इतकी वर्षं झाली, गाडी का येत नाही, असं तू विचारलंस. वर्धा–यवतमाळ–नांदेड हा 284 किलोमीटरचा मार्ग 2008 च्या सुमारास मंजूर झाला. त्यातला वर्धा–कळंब हा 39 किलोमीटरचा पहिला तुकडा सुरू व्हायला 28 फेब्रुवारी 2024 उजाडला. एसटीनं हे अंतर तासाभराचं!

सडकेला वावर मिळालं नाही तर ती धुऱ्यानं वळते. रुळाला ते जमत नाही. शंभरच्या वेगानं गाडी न्यायची तर वळणाची त्रिज्या पाऊण-एक किलोमीटर हवी. म्हणून जमिनीचा एक गट अडला की पुढचेमागचे दहा गट अडतात.

रेल्वे कायद्यानं जमीन घेतात तेव्हा आधी अधिसूचना निघते, हरकतींना 30 दिवस मिळतात. वर्षभरात अंतिम घोषणा झाली नाही तर अधिसूचनाच बाद, सगळं पुन्हा पहिल्यापासून. इकडे संयुक्त मोजणीला माणसं आली की सातबाऱ्यावर वारलेले आजोबा, वहितीला चार चुलतभाऊ, अन् दोन आत्यांची सही पुण्यात. त्यात संत्र्याची किंमत कृषी खात्यानं काढायची, सागाची वनखात्यानं, गोठ्याची बांधकाम खात्यानं. एका खात्याचा कागद राहिला की मोबदल्याचा निवाडा थांबला.

जमीन मिळाली की माती. आपली काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पाडते. तिच्यावर तसाच भराव टाकला तर रूळ वरखाली होतात, कधी भरावाची कड घसरते. म्हणून ती काढून मुरूम आणायचा. मुरमाच्या खदानीला परवानगी अन् रॉयल्टी लागते. मग साधारण फूटभर जाडीचे थर टाकायचे, पाणी मारायचं, रोलर फिरवायचा, प्रत्येक थराची घनता तपासायची. ती कमाल घनतेच्या 97-98 टक्क्यांखाली आली तर तोच थर पुन्हा दाबायचा. माती फार ओली असली तर रोलर फिरवून काही होत नाही. त्यामुळे जून ते सप्टेंबर हे काम जवळपास बंदच. नाल्यावरच्या पुलाचा पायाही तेव्हाच पाण्याखाली असतो.

रूळ त्या मानानं लवकर होतात. किलोमीटरला सुमारे 1,660 काँक्रीटचे स्लीपर, खाली गिट्टी, मग ती ठोकून बसवणारं टॅम्पिंग मशीन. शेवटी रेल्वे सुरक्षा आयुक्त वेगाची चाचणी घेतात, ते रेल्वेच्या नाही तर नागरी विमान वाहतूक मंत्रालयाखाली असतात. गाडी त्यांच्या होकारानंतरच.

पैशाचंही एक दुखणं आहे. खर्चात राज्याचा वाटा 40 टक्के, आणि तो दरवर्षी थोडाथोडा येतो. ठेकेदाराची बिलं अडली की यंत्रं दुसऱ्या कामाला जातात, परत आणायला महिने लागतात. माझ्या मते सगळ्यात महाग पडतं ते हेच.

तुझ्या वावराची मोजणी अजून व्हायची असेल तर तलाठ्याकडे वारसनोंद आधी करून घे. विहीर अन् पाइपलाइनची नोंद पाहून घे, मोजणीच्या दिवशी चुलतभावांना धुऱ्यावर हजर ठेव.

तुझा,
विनायक