बुटांच्या सुरकुत्या वाचणाऱ्या काकांना

आदरणीय काका,

सादर नमस्कार.

तुम्ही फोन फक्त बोलायला वापरता, त्यामुळे हे पत्र तुमची नात तुम्हाला वाचून दाखवेल. तरी सगळ्यांसमोर लिहिते आहे. कॉस्प्ले करणारे, म्हणजे चित्रपटांतल्या पात्रांसारखे पोशाख करून घालणारे आम्ही लोक एकमेकांच्या चिलखताचं कौतुक करतो, शिरस्त्राणाचे जवळून फोटो काढतो, आणि पायात काय घातलंय ते क्वचितच विचारतो. ज्यांनी विचारलं त्यांना मी आजवर ‘करून घेतले’ एवढंच सांगत आले. माझे बूट तुम्ही, एका चांभारकाकांनी, कसे केलेत, ते आज नीट सांगते.

वाचणाऱ्यांसाठी आधी थोडं. माझा पोशाख 1977 च्या ‘स्टार वॉर्स’मधल्या स्टॉर्मट्रूपरचा, म्हणजे साम्राज्याच्या पांढऱ्या चिलखतातल्या सैनिकाचा. त्या चित्रपटाच्या वेशभूषेसाठी जॉन मोलो यांना ऑस्कर मिळालं होतं. 1997 पासून ‘501 लीजन’ नावाची चाहत्यांची जगभर पसरलेली संघटना आहे. पोशाख पडद्यावरच्यासारखा हवा म्हणून त्यांचे लेखी निकष असतात. बुटांबद्दलचे निकष चार ओळींत संपतात: पांढरे, चामड्याचे किंवा तसे दिसणारे, घोट्याच्या जरा वर येणारे, दोन्ही बाजूंना यू आकाराचं इलॅस्टिक, नाडी नको, बक्कल नको, तळ सपाट. वाचताना वाटतं, यात अवघड ते काय?

मी तुमच्याकडे आले ती फोटोंचा गठ्ठा आणि पांढऱ्या रंगाची बाटली घेऊन. काळे तयार बूट रंगवायचे, एवढाच बेत होता. तुम्ही बाटली बाजूला सारलीत, चष्मा पुसलात आणि फोटो पाहत बसलात. माझी सगळी बडबड शिवणी आणि आकाराबद्दल चालली होती. तुमचं बोट मात्र सुरकुत्यांवरून फिरत होतं. बारीक, दाट सुरकुत्या दिसल्या तर चामडं पातळ आणि मऊ. एकच जाडजूड घडी पडली असेल तर चामडं जाड. घडी चवड्याच्या जागी पडत नसेल तर बूट त्या पायाच्या मापाचा नाही. घोट्याशी चामडं सैल गोळा झालंय म्हणजे इलॅस्टिक दमलंय. फोटोतल्या बुटाला शिवण कुठे आहे ते कुणीही दाखवेल, पण तो बूट कशाचा केलाय आणि घालणाऱ्याला कसा बसलाय हे सांगणारं मला आधी कुणी भेटलं नव्हतं. खरे आभार मला याचे मानायचे आहेत. बाकी सगळं त्यातूनच पुढे आलं.

मग तुम्ही हसून म्हणालात, “अगं, हा तर आपला चेल्सी!” नंतर मी शोधलं. बाजूला इलॅस्टिक असलेल्या या बुटाचं पेटंट 1851 सालचं, व्हिक्टोरिया राणीचे बूट करणाऱ्या कारागिराचं. दूरच्या आकाशगंगेतला सैनिक पायात 19व्या शतकातला बूट घालून फिरतो, हे मला अजून गमतीचं वाटतं.

रंगाची बाटली तुम्ही का सारलीत तेही सांगायला हवं, कारण हा प्रश्न मला सगळ्यात जास्त येतो. चामड्यात मुरणारा रंग चामडं फक्त गडद करू शकतो. पांढरा मुरत नाही, तो वर थर होऊन बसतो. काळ्यावर पांढरा चढवायचा तर थरावर थर द्यावे लागतात, आणि थर जितका जाड तितका तो घडीत लवकर तडकतो. इलॅस्टिकवर तर पहिल्याच ताणात. म्हणून चामडं मुळातच पांढरं, इलॅस्टिकही मुळातच पांढरं. रंग लागला तो फक्त डागडुजीपुरता: आधी ॲसिटोनच्या फडक्याने वरची चकाकी काढायची, मग चामड्यासाठीचा लवचीक ॲक्रिलिक रंग पाण्यासारख्या पातळ हातांनी, प्रत्येक हात पूर्ण वाळू देऊन. तुरटीने कमावलेलं चामडं आरपार पांढरं असतं, पण पाणी लागलं की तुरटी धुऊन जाते आणि चामडं कडक होतं, हेही तुम्ही जाता जाता सांगितलंत. मला त्याचा उपयोग नव्हता, तरी ऐकायला फार आवडलं.

चामडं कापायचा नमुना काढताना मात्र तुम्ही माझ्या गावचे निघालात. आम्ही फोमचं चिलखत करताना अंगावर प्लास्टिकचा कागद गुंडाळतो, त्यावर चिकटपट्टी लावतो, रेषा आखतो, कापतो आणि सपाट पसरतो. तुम्ही तेच कलबुतावर, म्हणजे ज्यावर बूट बांधतात त्या पायाच्या आकाराच्या ठोकळ्यावर केलंत. कागदी चिकटपट्टी, पेन्सिलीच्या रेषा, मग रापीने, म्हणजे चामडं कापायच्या पात्याने, सोडवून सपाट. फोटोत पट्टी लावून माप घेता येत नाही, म्हणून टाचेची उंची हेच एकक धरलंत: इलॅस्टिक टाचेच्या किती पट, बुटाचा काठ किती पट. खालून घेतलेल्या फोटोत बूट फुगलेला दिसतो, तेव्हा बाजूने घेतलेलेच फोटो खरे धरायचे, हाही नियम तुमचाच. तळाखाली वळवायला 15 ते 20 मिमी चामडं जास्तीचं ठेवलंत. चामडं ज्या दिशेने कमी ताणतं ती दिशा चवड्यापासून टाचेकडे धरलीत, नाहीतर बूट वापरात लांब होत जातो. दुमडायच्या कडा रापीने सोलून पातळ केल्यात. सोल्युशन दोन्ही बाजूंना लावून ते हाताला चिकटेनासं होईपर्यंत मला हात लावू दिला नाहीत. आणि मग बूट कलबुतावरच ठेवून दिलेत. मी रोज फोन करत होते आणि तुम्ही रोज ‘अजून नाही’ म्हणत होतात.

तळावरून आपला वाद झाला. मला जाड, सपाट, फोटोत रुबाबदार दिसणारा सोल हवा होता. तुम्ही विचारलंत, “त्या टोपातून तुला पाय दिसतात का?” दिसत नाहीत. शिरस्त्राणातून समोरचं थोडं दिसतं, खालचं काहीच नाही. पायरी कुठे संपली ते पायालाच कळावं लागतं. म्हणून सोल सपाटच, पण चवड्याखाली पातळ आणि वाकणारा, रबराचा, गुळगुळीत फरशीवर न घसरणारा. माप घ्यायलाही तुम्ही मला संध्याकाळी बोलावलंत, जाड मोजे घालून, दिवसभर उभं राहून सुजलेल्या पायांचं. संमेलनात तासन्तास उभं राहणाऱ्या प्रत्येकाने एवढं तरी ऐकावं.

नडगीच्या चिलखताची खालची कड चालताना बुटावर घासते. तिला आतून मऊ चामड्याची पट्टी लावायची कल्पना तुमची. बाहेरून काही दिसत नाही आणि बुटावर ओरखडे येत नाहीत. एक गोष्ट मात्र तुम्ही मी न सांगता केलीत. स्टॉर्मट्रूपरच्या डाव्या नडगीवर गुडघ्याशी चिलखताचा एक जादा तुकडा असतो. फोटोत तो पाहून तुम्ही म्हणालात, “हा माणूस डावा गुडघा टेकणार.” डावा गुडघा टेकला की डाव्या पायाची बोटं पूर्ण वाकतात, म्हणून डाव्या बुटाच्या चवड्याला तुम्ही जरा मऊ चामडं घेतलंत. शेजारी शेजारी ठेवले तर दोन्ही बूट सारखेच दिसतात. फोटोसाठी गुडघा टेकून बसले की मला फरक कळतो.

मजुरी तुम्ही नेहमीच्या बुटाचीच घेतलीत. ते मला पटलेलं नाही, आणि पुढच्या वेळी मी ऐकणार नाही.

पुढची वेळ लवकरच येणार आहे. माझ्या मैत्रिणीला एका अंतराळ वैमानिकाचे गुडघ्यापर्यंतचे बूट हवे आहेत. तिच्या पोटरीचा घेर, गुडघ्याखालची उंची आणि पावलाच्या कमानीवरचा घेर संध्याकाळीच मोजून ठेवला आहे, बसून वेगळा, उभं राहून वेगळा. फोटो बाजूने घेतलेलेच निवडले आहेत. चेन आतल्या बाजूने की मागून, यावर आमचं एकमत होत नाहीये. फोटोंत पोटरीच्या बाजूला दोन आडव्या घड्या आहेत आणि मागे एकही नाही. मला वाटतं चेन मागे असावी. तुम्ही सांगाल ते करू.

आजींना नमस्कार सांगा.

तुमची,
पांढऱ्या बुटांवाली