उचल तोंडपाठ, भागाकार अडतो

संपादक महोदय,

दसरा-दिवाळी झाली की धारूर, वडवणी भागातले कोयते, म्हणजे ऊसतोड मजुरांची जोडपी, साखर कारखान्यांकडे निघतात, ते थेट गुढीपाडव्याच्या आसपास परततात. पोरांचं दुसरं सत्र बुडतं. उसाच्या फडाजवळच्या कोपीत (झोपडीत) दहा वर्षांची पोरगी धाकट्याला सांभाळते, पाणी भरते. मुकादमाकडून आईबापानं घेतलेली उचल (आगाऊ रक्कम) किती, फिटली किती, हे तिला तोंडपाठ असतं. वहीतला भागाकार मात्र अडतो. मग वर्गात ती ‘मठ्ठ’ ठरते आणि शाळा आपल्यासाठी नाहीच, हे तिच्या मनात पक्कं बसतं.

आईबाप ऊसतोडीला गेल्यावर पोरांना गावातच ठेवणाऱ्या हंगामी वसतिगृहाचा उपयोग आहे, पण पोरांची यादी दसऱ्याआधी हवी. पोर ट्रकमध्ये बसून गेल्यावर मंजुरी आली तर जेवायला कोण असणार? जी जातातच, त्यांच्या शिक्षण हमी पत्रकावर (तिकडच्या शाळेत दाखवायच्या कार्डावर) कोणता पाठ, कोणती उदाहरणं झाली ते लिहा. कोरं पत्रक तिकडच्या गुरुजींच्या काय कामाचं? आणि परतल्यावर पहिलं गणित तिच्याच जगातलं द्या: उचल ५०,०००, फिटले ३२,०००, बाकी किती? ती पाटीला हात न लावता सांगेल.

– एक शिक्षक, धारूर (जि. बीड)