तक्रार: '१० सेकंदात चालू' म्हणून विकलेला कॉम्प्युटर चार मिनिटं घेतो, आणि एसएसडी (वेगवान डिस्क) कोरी पडून आहे

प्रति,
ग्राहक तक्रार विभाग

साहेब,

तुमच्या टोल फ्रीवरच्या पोरांना सगळं सांगून झालं, त्यांचं एकच पालुपद, सर रिस्टार्ट करून बघा. अहो रिस्टार्ट केला की तो जास्तच वेळ खातो, तीच तर तक्रार आहे. म्हणून आता लेखी देतोय, बिल, सिरियल नंबर आणि स्क्रीनचे फोटो सोबत जोडलेत, ते बघून मगच उत्तर द्या.

माझं रावेरला ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे, सातबारा, उत्पन्नाचा दाखला, पीक विमा, झेरॉक्स, हेच चालतं दिवसभर. तुमचा डेस्कटॉप जळगावच्या डीलरकडून घेतला तो खोक्यावरच्या दोन गोष्टी बघून, एक '२५६ जीबी एसएसडी + १ टीबी हार्डडिस्क' आणि दुसरी '१० सेकंदात चालू'. डीलरने चालू करून पण दाखवला होता, पटकन झाला, त्यात वाद नाही. दुकानात आणल्यावर मात्र बटण दाबल्यापासून पासवर्डची स्क्रीन यायलाच पावणेदोन मिनिटं, आणि पुढे ब्राउझर उघडून थंबचं मशीन ओळखेपर्यंत चार मिनिटं जातात. केळीच्या विम्याची शेवटची तारीख असली की बाकावर दहा माणसं बसलेली असतात, त्यातले म्हातारे विचारतात, काय रे भो, तुयं डबडं उठलं का नाही अजून? त्यांना काय सांगू, एसएसडी आहे म्हणून?

तर एसएसडी खरंच आहे. टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्सला जाऊन बघितलं, विंडोज ज्या सी ड्राइव्हवर आहे तिच्यापुढे स्वच्छ लिहिलंय एचडीडी, म्हणजे साधी हार्डडिस्क. आणि ज्या एसएसडीचे मी पैसे मोजले ती डी ड्राइव्ह म्हणून पडलीय, आत एक फाइल नाही. म्हणजे विहिरीवर नवी मोटर बसवायची आणि पाणी दोर-बादलीने शेंदायचं, असला प्रकार झाला हा. आता हे डीलरने केलं की तुमच्या फॅक्टरीतून असंच आलं ते तुम्ही आपसात बघा, खोक्याचं सील माझ्यासमोर फोडलं होतं एवढं सांगतो.

तुमच्या सर्व्हिस सेंटरवाल्याने सांगितलं की विंडोज कुठेही असली तरी फार फरक पडत नाही. साहेब, फरक पडतो. हार्डडिस्क सलग मोठी फाइल वाचताना सेकंदाला शंभर-दीडशे एमबी देते हे मान्य, पण विंडोज सुरू होताना हजारो बारक्या फाइली इकडून तिकडून वाचते, आणि दर वेळी डिस्कचा हेड जागेवरून हलून तबकडी फिरून येईपर्यंत दहा-पंधरा मिलिसेकंद जातात, ते साठत साठत मिनिटं होतात. एसएसडीत फिरणारं काही नाहीच, साधी, साटा जोडणीची एसएसडी पण पाचशे एमबीपर्यंत जाते. आणि पुरावाच पाहिजे तर माझ्या सावद्याच्या चुलतभावाकडे तुमचंच हेच मॉडेल आहे, त्याच्यात विंडोज एसएसडीवर आहे, तो वीस सेकंदात पासवर्ड मागतो आणि पुढे पंधरा सेकंदात काम करता येतं. मॉडेल तेच, प्रोसेसर तोच, रॅम तेवढीच.

आता तुमच्या १० सेकंदांबद्दल. विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, त्यात फास्ट स्टार्टअप आहे. शटडाउन केलं की विंडोज तिचा आतला भाग डिस्कवर एका फाइलीत लिहून ठेवते आणि पुढच्या वेळी तोच उचलून आणते, सगळं पहिल्यापासून लोड करत नाही. रिस्टार्टला हे होत नाही, तिथे पूर्ण बूट होतं, म्हणजे सगळं पहिल्यापासून लोड होतं. डीलरने मला शटडाउन करून चालू करून दाखवला होता, रिस्टार्ट करून नाही, आता कळतंय का ते. आणि आमच्याकडे लाइट जाते. नीट शटडाउन न होता मशीन बंद पडलं तर ती फाइल लिहिलीच जात नाही, मग दुसऱ्या वेळी पूर्णच बूट होणार, वरून कधी कधी डिस्क तपासत बसतो ते वेगळं. म्हणजे तुमचे १० सेकंद कधीच लाइट न जाणाऱ्या गावाचे, रावेरचे नाहीत. तसं असेल तर खोक्यावर तसं छापा.

त्यात बटण दाबल्या दाबल्या काळ्या स्क्रीनवर 'स्टार्ट पीएक्सई ओव्हर आयपीव्ही४' अशी ओळ येते आणि तिथेच अडकून बसतो. म्हणजे हा गडी डिस्ककडे जायच्या आधी लॅनच्या वायरवरून बूट व्हायला सर्व्हर शोधतो. माझ्या दुकानात कुठला आलाय सर्व्हर! टास्क मॅनेजरच्या स्टार्टअप टॅबमध्ये वर 'लास्ट बायोस टाइम' दिसतो तो २६ सेकंद आहे, फोटो जोडलाय. बायोस म्हणजे विंडोजच्या आधी चालणारा मशीनचा स्वतःचा प्रोग्राम. म्हणजे विंडोज सुरू व्हायच्या आधीच तुमच्या जाहिरातीचा वेळ अडीच पट उलटून गेलेला असतो. बूटचा क्रम बदलणं दोन मिनिटांचं काम आहे, मी स्वतः करून टाकलं असतं, पण बायोसला पासवर्ड टाकलेला आहे आणि तो मला कोणी देत नाही, सर्व्हिस सेंटर म्हणतं हात लावला तर वॉरंटी जाईल.

बंद होण्याचा त्रास तर याहून मोठा, लोकांना वाटतं बंदच तर करायचाय, त्याला कसली घाई. घाई आहे. एप्रिल-मे महिन्यात इथे पारा ४५ च्या घरात जातो, त्या उन्हाने यूपीएसच्या बॅटऱ्या लवकर बसतात, लाइट गेली की यूपीएस टूं टूं करायला लागतो आणि हातात तीन-चार मिनिटं असतात, तेवढ्यात उघडा फॉर्म सेव्ह करून मशीन बंद करायचं. तुमचं मशीन शटडाउनला सव्वादोन मिनिटं घेतं. मॉनिटर काळा होतो पण कॅबिनेटचा दिवा आणि पंखा चालूच असतो, मी पंखा थांबेपर्यंतचा वेळ धरलाय. सावद्याचा बारा सेकंदात थंड. विंडोज स्वतःच्या नोंदी ठेवते त्या इव्हेंट व्ह्यूअरच्या डायग्नोस्टिक्स परफॉर्मन्स लॉगमध्ये १०० नंबरची नोंद चालू होण्याची आणि २०० नंबरची बंद होण्याची असते, मिलिसेकंदात, दोन्हीचे फोटो पाठवलेत, तेव्हा घड्याळ चुकलं म्हणू नका. यातलं एक कारण तर तुम्हीच घातलेलं आहे. बंद होताना सर्व्हिस, म्हणजे मागे चालणारे प्रोग्राम, थांबायची वाट किती वेळ बघायची त्याचा आकडा रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंगच्या साठ्यात, असतो, विंडोजचा स्वतःचा ५००० मिलिसेकंद, म्हणजे ५ सेकंद. या मशीनमध्ये तो ६०००० आहे! तुमचा तो मदतनीस प्रोग्राम, जो मी मागितला नव्हता, तो थांबायला तयार नसतो आणि विंडोज त्याच्यासाठी मिनिटभर ताटकळते. शिवाय फास्ट स्टार्टअपची फाइल त्याच संथ हार्डडिस्कवर लिहायची, तो वेळ वेगळा.

सर्व्हिस सेंटर म्हणतं हा सॉफ्टवेअरचा विषय, वॉरंटीत बसत नाही, विंडोज हलवायची तर चार्ज लागेल. चार्ज कसला? मी विंडोज टाकलेली नाही, बायोसला पासवर्ड मी लावलेला नाही, रजिस्ट्रीतला आकडा मी वाढवलेला नाही. मशीन जसं आलं तसं वापरतोय.

तेव्हा तुमचा माणूस रावेरला पाठवा, माझा डेटा शाबूत ठेवून विंडोज एसएसडीवर घ्या, बूटमधून ते लॅनचं काढा, मदतनीस प्रोग्राम आणि ट्रायलचा अँटीव्हायरस उडवा, रजिस्ट्रीतला आकडा मूळचा करा, आणि बायोसचा पासवर्ड माझ्या हातात द्या कारण मशीन माझं आहे. काम झाल्यावर लाइट काढून परत लावून, म्हणजे पूर्ण बूट करून, माझ्यासमोर वेळ मोजायचा, बटणापासून ब्राउझर उघडेपर्यंत, आणि तो सर्व्हिस रिपोर्टवर लिहून सही करायची. १० सेकंद नकोत मला, सावद्याच्या मशीनइतका आला तरी चालेल. जमत नसेल तर मशीन परत न्या आणि पैसे द्या.

पंधरा दिवसांत उत्तर आलं नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार टाकणार आणि तिथून जळगावच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाणार. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने ग्राहक राहतो त्या जिल्ह्यात दावा टाकता येतो, त्यामुळे तारखेला यायचं ते तुम्हालाच लांब पडेल.

माणूस पाठवाल तेव्हा सकाळी दहाच्या आत पाठवा, नंतर गर्दी असते आणि दुपारच्या लाइटचा भरवसा नाही. येताना हार्डडिस्कचा बॅकअप घ्यायला त्याची स्वतःची डिस्क आणायला सांगा, माझ्याकडे रिकामी म्हणाल तर तुमची ती एसएसडीच तेवढी आहे.

आपला,
एक ग्राहक, रावेर, जि. जळगाव